भुईला सांगितलेलं नाव

१

खांबपाड्यात नवी सून आली की तिला आधी सारवायला शिकवतात आणि मग बोलायला. देवकीला दोन्ही नव्यानं शिकावं लागलं. डहाणूच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्यांच्या घरात वाढलेली पोर ती; तिचा हात बोंबील उलटायला सरावलेला, शेणात कुठला बसायला? पहिल्या वर्षी तिनं सारवलेली भुई बघून सासू नवशी म्हणाली होती, "सूनबाई, ही भुई हाय का खवलं काढलेला मासा?" सगळा पाडा हसला होता, आणि देवकीही पदर तोंडाला लावून हसली होती.

आता तिची स्वतःची पोर शाळेत जायला लागली होती, आणि सारवणात तिचा हात धरणारी पाड्यात दुसरी नव्हती. त्या दिवशीही ती सकाळची कामं उरकून सारवायला बसली. तिचा नवरा, नविन, पडलेल्या भिंतीसाठी माती आणायला गेला होता, सासू शेळ्यांमागं. अंगणात पोर एकटीच चिंचोके उडवत बसली होती.

"ओ!" पोर एकदम म्हणाली.

देवकीनं मान वर केली. "कोणाला ओ देतेस गं?"

"बोलावलं ना मला."

"कोणी? मी तर तोंडपण नाय उघडलं."

पोरीनं खांदे उडवले आणि चिंचोका वर फेकला. तो खाली यायच्या आत जमिनीच्या पोटातून धाडकन आवाज आला, सुरुंग लावल्यासारखा, आणि मागोमाग हिसका. कौलं खडखडली, बादलीतलं पाणी हिंदकळून ताज्या सारवणावर सांडलं. देवकीनं शेणाच्या हातांनीच पोरीला उचललं आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

धक्क्यांचं तिला फार काही वाटलं नाही, त्यांची आता सवयच झाली होती. पण पोरीनं ओ आधी दिली आणि धक्का मागून आला, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

२

दोन हजार अठराची दिवाळी सरली आणि जमीन हलायला लागली. आधी तलासरीच्या बाजूला, मग इकडं सायवनच्या वरच्या अंगाला. सरकारी माणसं आली, शाळेत यंत्र बसवून गेली, राहायला तंबू देऊन गेली. यंत्रवाले साहेब म्हणाले, खाली खडक सरकतोय. म्हातारी माणसं म्हणाली, थोरली कूस बदलतेय. दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं, चहा प्याले आणि आपापल्या वाटेनं गेले.

थोरली म्हणजे भुई. तिला प्रत्येकानं आपापल्या सोयीनं पुजलेलं. बोर्डीकडचे चिकूवाडीवाले तिला नीचेवाळी मा म्हणतात. नवं कलम लावताना खड्ड्यात दूध ओततात आणि मागं न बघता चालू लागतात. देवकीच्या माहेरी ती भुईआय. तिथं मूल जन्मलं की आजी मासळी सुकवायच्या खळ्यात वाकते, मातीला ओठ लावते आणि मुलाचं नाव तिच्या कानी घालते. म्हणजे तो उद्या दर्यावर गेला, वादळात सापडला, तर भुई त्याला नावानं ओढून घरी आणते. ज्याचं नाव तिला ठाऊक नाही तो दर्यातच राहतो, अशी तिकडची समजूत.

खांबपाड्यात सगळं उलटं. इथं नाव भुईपासून लपवतात. बारसं माळ्यावर चढून करतात, आणि खाली उतरलं की पोराला टोपणनाव. त्यामुळं "धाकले!" म्हणून हाक मारली की चार घरांतून चार धाकल्या बाहेर यायच्या. शाळेत हजेरी सुरू झाली की पाड्यातली पोरं आधी पाय बाकावर घ्यायची आणि मग आपलं नाव ऐकायची. नव्या गुरुजींनी सुरुवातीला छडी दाखवली, मग हसले, मग नाद सोडला.

"ती खाली निजलीय, तिला निजू द्यावं," नवशी सांगायची. "ज्याचं नाव तिला कळलं त्याला ती हाक मारणार. आन् तिची हाक मोडता येत नाय कोणाला."

देवकीला हे ऐकून मनात हसू यायचं. आईला कोणी आपल्या लेकराचं नाव लपवतं का?

मग एका धक्क्यात मागची भिंत पडली. पोरीची गोधडी होती तिथंच, उशाशी. पोर नेमकी पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. त्या संध्याकाळी सगळा पाडा तंबू ठोकण्यात गुंतलेला असताना देवकी एकटी घरात शिरली, पडलेल्या मातीशेजारी गुडघ्यावर बसली आणि भुईला ओठ लावून बोलली, "भुईआय, ही योगिता. माझी लेक हाय. हिला सांभाळ."

तिला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तिच्या आईनं, आजीनं केलं तेच तिनं केलं होतं. मायेपोटीच केलं होतं. फक्त जागा चुकली.

३

धाकलीचं, म्हणजे देवकीच्या पोरीचं, ओ देणं पाड्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पोर "ओ" म्हणाली की पाठोपाठ धक्का. शेजारच्या तुक्यानं ते पहिल्यांदा हेरलं. तो तिच्यापुढं चिक्की घेऊन बसायला लागला. "धाकली बोलली!" असं तो ओरडला की बाया चुलीवरचं तसंच टाकून बाहेर, म्हातारे काठ्या टेकत बाहेर. एकदा रघ्याच्या घराचं आढं कोसळलं, पण आत कोणी नव्हतं, पोरीच्या ओपायी सगळे अंगणात होते. त्या दिवसापासून तर लोकांनी आपले तंबू उचलून देवकीच्या तंबूभोवती आणून लावले. कोणी बोरं आणून देई, कोणी अंडं.

"कुत्र्याला कळतं, कोंबडीला कळतं, आपल्या पोरीला कळलं तर काय बिघडलं?" नविन म्हणायचा. त्याला अभिमानच वाटायचा.

देवकीही स्वतःला तेच समजवायची. यंत्रवाल्या साहेबांनी सांगितलंच होतं की जनावरांना आधी चाहूल लागते. लहान मूल म्हणजे तरी काय, जनावराहून फार वेगळं थोडंच असतं! असं ती दिवसभर घोकायची, आणि पोर "ओ" म्हणाली की हातातलं टाकून तिच्याकडं धावायचीच.

कारण पोर आता नुसती ओ देत नव्हती. ओ देऊन ती उठायची आणि चालायला लागायची. आधी दारापर्यंत, मग बांधापर्यंत. एका दुपारी ती तंबूत दिसेना. देवकी ऊर फुटेस्तोवर धावली, तेव्हा पोर टेकडीच्या तळाशी, जिथं जमिनीला लांब भेग पडली होती, तिथं उभी सापडली. पायातल्या चपला काढून तिनं शेजारी नीट जोडीनं ठेवल्या होत्या, देवळात जाताना ठेवतात तशा.

"काय करतेस इथं?"

"इथनं बोलवते ती." पोर जराही घाबरलेली नव्हती. "तिला नीट ऐकू येत नाय, आये. सारखं सारखं विचारते."

देवकीनं पोरीला काखोटीला मारलं आणि परत आणलं. नवशीनं ते सगळं पाहिलं होतं. ती सुनेजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरीचं नाव खाली कोणी सांगितलं गं?"

"मला काय ठाव, आत्या?"

नवशी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. म्हातारी चिडली असती, हात उगारला असता तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "दिलेलं नाव माघारी घेता येत नाय, बाये. ही माझी नात जाईल आता."

देवकीनं तिथल्या तिथं ठरवलं की पोरीला घेऊन माहेरी जायचं. सायवनच्या रस्त्यावर एसटी लागली तर तुक्या आडवा आला. "पोरीला नेलंस तर आम्हाला सांगायचं कोणी? आमची लेकरं नायत काय?"

"मग तुझ्या लेकराला शिकव ओ द्यायला," देवकी म्हणाली आणि पोरीला पुढं ढकलून गाडीत चढली. तुक्याचं तोंड एवढंसं झालं.

४

माहेरच्या वस्तीत धक्का लागला तरी पाण्याच्या हंड्यावर नुसता तरंग उठायचा. देवकीला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्याच सकाळी पोर बोंबील निवडता निवडता थांबली, उगवतीकडं तोंड करून म्हणाली, "ओ!"

देवकीनं आईला, गंगीला, सगळं सांगून टाकलं. गंगी आधी ऐकत होती ती बांगडे साफ करत करत. मग तिचा कोयता थांबला.

"तिथं सांगितलंस? त्यांच्या घरात?"

"आपण नाय का सांगत?"

"अगो, आपण तिच्या उंबऱ्यावर राहतो. दर्या आपल्याला तिकडं ओढतो, ती इकडं ओढते, म्हणून बरं चालतं. ती माणसं तिच्या पोटावर राहतात. तिथनं ओढली तर कुठं ओढणार?"

देवकीनं भाऊ धर्मेशचे पाय धरले. तिचं म्हणणं साधं होतं: जिथं भुईच नाही तिथं पोरीला ने. धर्मेशनं कुरकुर केली, पण भाचीसाठी होडी काढली. किनारा पुसट झाला तशी पोर खुलली. मामाच्या मांडीवर बसून तिनं डबा खाल्ला, हात पाण्यात बुडवून खिदळली. देवकीच्या डोळ्यांना धारा लागल्या, इतकं तिला बरं वाटलं.

धर्मेशनं नांगर टाकला. ओहोटी लागली होती, होडी समुद्राकडं झुकायला हवी होती. पोर हसता हसता गप्प झाली, वळली आणि किनाऱ्याकडं बघून म्हणाली, "ओ, येते."

नांगराचा दोर ताणला गेला. धर्मेशनं दोराकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. पाणी बाहेर चाललं होतं आणि होडी आत. लाकूड करकरायला लागलं. धर्मेश जन्मभर दर्यावर काढलेला माणूस, त्यानं नांगर उचलला, आणि मग इंजिन चालू करायचीही गरज लागली नाही.

घरी आल्यावर गंगीनं कपाळावर हात मारून घेतला. "येडे, नाव सांगतात तेच मुळी दर्यावरनं माघारी ओढायला. आन् तू पोरीला दर्यावर लपवायला नेतेस?"

देवकी त्या दिवशी जेवली नाही. जगात भुई आणि पाणी सोडून तिसरं काय असतं, याचा ती विचार करत बसली, आणि तिला काहीच सुचलं नाही. पोरीला तिनं खाटेवर बसवलं आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन घट्ट धरून ठेवले.

५

आणि मग अचानक ओ देणं बंद झालं.

एक दिवस गेला, दुसरा गेला. हंड्यावर तरंग उठायचा, पण पोर मान वर करायची नाही. तिचा रंग परतला, भूक वाढली. वस्तीतल्या पोरींबरोबर खळ्यात शाळा-शाळा खेळायला लागली. "चुकली असेल नजर भुईआयची," गंगी म्हणाली, आणि देवाला नारळ फोडला. देवकीनं नविनला फोन करून सांगितलं तेव्हा तोही खूश झाला. "आता आणून सोड म्हातारीकडं, रडून रडून डोळे गेले तिचे," म्हणाला.

शनिवारी सकाळी देवकी सुकलेली मासळी गोळा करायला खळ्यात गेली. उन्हं चांगली वर आलेली. बांबूच्या मांडवाखाली पोर पालथी पडली होती, गाल मातीला टेकवून. कुजबुजत होती. मध्येच थांबायची, ऐकायची, आणि गुरुजींनी शाबासकी दिल्यावर हसतात तशी हसायची.

"काय खेळतेस गं?"

"हजेरी." पोर उठून बसली. "तिला कळतच नव्हतं आये, योगिता कोणाची ते. सारखी विचारायची. मग गुरुजी सांगतात तसं मी पूर्ण नाव सांगितलं."

देवकीच्या हातातली टोपली खाली गेली. "पूर्ण म्हणजे?"

"योगिता नविन." पोरीनं नवलानं आईकडं पाहिलं, एवढंही कसं कळत नाही म्हणून. "मग ती म्हणाली, नविन तर इथंच हाय, माझ्याजवळ. म्हणाली, तू खेळ जा."

खोटं कशाला सांगा, पहिल्या क्षणी देवकीला आनंद झाला. माझी लेक वाचली, एवढंच तिच्या मनात आलं. ती लेकीला कवटाळायला खाली बसली. आणि मग पोरीनं स्वतःच्या जागी कोणाचं नाव दिलं ते तिला कळलं, आणि ज्या मनानं आपण आनंदलो त्या मनाची तिला किळस आली.

पोरीचा गाल होता तिथली माती ओली दिसत होती, जराशी फुगलेली. मासळी वाळवून वाळवून दगड झालेलं ते खळं, तिथं फुगवटा कसा येईल? देवकीनं त्यावर हात ठेवला. माती कोमट होती. तिच्या तळव्याखाली ती सावकाश खाली बसली, निजलेल्या माणसाचं पोट श्वास सोडताना बसतं तशी, आणि मग पुन्हा वर आली नाही. देवकीनं वाट पाहिली. कोणीतरी ऐकत होतं आणि आता उठून गेलं, असं तिला वाटलं. उन्हानं असेल, ओहोटीनं असेल, मनाचे खेळ असतील. ती धावत घरात गेली आणि फोन उचलला.

६

"बोल," नविन म्हणाला. मागं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कुठं हाय तुम्ही?"

"घरात. भिंत लिंपतोय. तुझ्यासारखं नाय जमत मला, पार वाट लागली हातांची." तो हसला. "काय झालं? दम का लागलाय तुला?"

"आत्ताच्या आत्ता निघा. एसटी पकडा, टेम्पो पकडा, काय मिळेल ते, इकडं या."

"आज? अगं, अर्धी भिंत..."

"खड्ड्यात गेली भिंत! पायात चपला घाला आधी. खाटेवर चढून बसा. आत्यांना बोलवा."

"आई शेळ्या घेऊन गेलीय. देवकी, पोर बरी हाय ना?"

"पोर बरी हाय," देवकी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "पोर अगदी बरी हाय. माझं ऐका, मी सगळं सांगते, पण तुम्ही आधी भुईवरून उठा."

"बरं बाई, उठलो. रडू नको. हात धुतो आन्..." तो थांबला. "हां?"

"काय?"

"काय नाय. मागच्या अंगाला कोणतरी बोलवतंय."

"कोणी नाय बोलवत! तुम्ही जाऊ नका. तिकडं लक्षच देऊ नका, माझ्याशी बोला."

"अगं, नावानं बोलवतंय." त्याच्या आवाजात नवल होतं, भीती नव्हती. "इथं मला नविन म्हणून कोण बोलवणार? बघतो थांब."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं, अनवाणी, सारवलेल्या भुईवरची. ती भुई देवकीनंच सारवली होती. "अहो!" ती ओरडली. "अहो, ऐका! अहो!" पण अहो म्हणजे कोण? कोणीही. पावलं चालतच राहिली.

लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तसा रिवाजच होता, आणि तिला कधी गरजही पडली नव्हती. पण आता त्याला धरून ठेवायला तिच्याकडं दुसरं काहीच नव्हतं. तिनं फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटून हाक मारली, "नविन! नविन!"

पावलं थांबली.

मग लांबून, मागच्या दाराच्याही पलीकडून, त्याचा हसरा आवाज आला. "अगं हो, कळलं! येतोय ना? किती हाका मारशील!"

आणि देवकीची हाकही तिकडूनच आल्यासारखा तो पुढं चालू लागला.

देवकी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. पोर येऊन तिच्या पदराशी झोंबायला लागली, भूक लागली म्हणून. पलीकडं कोंबड्या खुडबुडत होत्या. कुठंतरी शेळी ओरडली. ती धक्क्याची वाट बघत राहिली, पण त्या दिवशी धक्का बसला नाही, आणि त्यानंतर बरेच दिवस बसला नाही.